स्वस्त फोन: कोणाला स्वस्त?

गेली दहाबारा वर्षे आपल्या देशात एक नवे आश्वासन फिरते आहे. ते निवडणुकीचे नाही, म्हणून त्याची झडती कोणी घेत नाही. आश्वासन असे की, फोन स्वस्त झाला म्हणजे खेड्यातला माणूस जगाशी जोडला जाईल. जोडला गेला की त्याला ज्ञान मिळेल, बाजारभाव मिळेल, सरकार मिळेल. आणि एवढे सारे मिळाल्यावर त्याचे दारिद्र्य काय म्हणून टिकेल? कंपन्यांच्या प्रमुखांनी हे वाक्य व्यासपीठावरून उच्चारले, मंत्र्यांनी ते उचलले आणि वर्तमानपत्रांनी त्याच्या चौकटी छापल्या. या वाक्यातला कोणता शब्द खोटा आहे ते बोट ठेवून दाखवणे कठीण आहे. म्हणूनच सगळे वाक्य मिळून खोटे कसे ठरते, हे एकदा नीट पाहिले पाहिजे.

मी फोनचा वैरी नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. फोनला शिव्या देणारा एक सुशिक्षित वर्ग आपल्या शहरांतून तयार झाला आहे. स्वतःच्या हातात पाऊण लाखाचे यंत्र धरून तो खेडुताला विचारतो, "तुला हे कशाला हवे? दिवसभर रीळ बघायला?" या वर्गाशी माझा काही एक संबंध नाही. ज्याने आयुष्यात एकही संध्याकाळ करमणुकीवाचून काढली नाही त्याने दुसऱ्याच्या करमणुकीचा हिशोब मागू नये. शिवाय गोष्ट करमणुकीपुरती नाहीच. आमच्या कन्नड तालुक्यातून, तसेच घाटाखालच्या चाळीसगाव तालुक्यातून, दरवर्षी कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला जातात. दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन गेलेले आईबाप उन्हाळ्याच्या तोंडी परततात. मधल्या महिन्यांत आजीजवळ राहिलेल्या पोराला आईचे तोंड दिसते ते या काचेतच. आल्याला कंदकूज लागली, मक्यावर लष्करी अळी उतरली, की शेतकरी पानाचा फोटो काढून पन्नास कोसांवरच्या जाणत्या माणसाला पाठवतो आणि चहा निवायच्या आत त्याचे उत्तर येते. ढग कोणत्या बाजूने येतो आहे ते पाहून वाळत घातलेला मका झाकायला धावणारी माणसे मी पाहतो. त्यांच्या हातून फोन काढून घ्या म्हणणाऱ्याला मी माझ्या दारात उभा करणार नाही.

तेव्हा माझे भांडण फोनशी नाही. माझे भांडण 'स्वस्त' या विशेषणाशी आहे, आणि त्या विशेषणाच्या आड जो व्यवहार चालतो त्याच्याशी आहे.

या व्यवहारात एक शब्द सारखा येतो: 'प्लॅटफॉर्म'. अँड्रॉइड हा एक प्लॅटफॉर्म, जिओ हा दुसरा, आणि व्हॉट्सॲप हा प्लॅटफॉर्मवर उभा राहिलेला आणखी एक प्लॅटफॉर्म. कन्नडला रेल्वे नाही. गाडी पकडायची तर घाट उतरून चाळीसगावला किंवा उलट दिशेने छत्रपती संभाजीनगरला जावे लागते. आणि या दोन गावांना जोडणारा लोहमार्ग मागण्यात आमच्याकडची माणसे म्हातारी झाली. तेव्हा फलाट ही वस्तू आम्हांला दुरूनच ठाऊक. पण दुरूनही इतके कळते की फलाट हा गाडीत बसण्यासाठी असतो. फलाटावरची गर्दी वाढली म्हणजे तिथल्या चहावाल्याचा धंदा वाढला असे खुशाल म्हणावे. त्या गर्दीचा प्रवास झाला असे म्हणता येत नाही. स्वस्त फोनच्या यच्चयावत् हिशोबांत मोजदाद चालते ती फलाटावरच्या डोक्यांची. एवढे कोटी आले, तेवढे कोटी येणार. येऊन ती कोठे गेली, हे विचारण्याचा रकाना त्या वहीत नाही.

हा इतिहास फार जुना नाही, पण विसरला मात्र गेला आहे. १५ सप्टेंबर २०१४ रोजी गूगलने दिल्लीत 'अँड्रॉइड वन' नावाची योजना सुरू केली. मायक्रोमॅक्स, कार्बन आणि स्पाइस या तीन भारतीय कंपन्यांचे तीन फोन, किंमत ६,३९९ रुपयांपासून. हेतू चांगला होता: ज्यांच्या हाती अजून इंटरनेट आले नाही त्यांच्यापर्यंत ते पोचावे. आणि हे फोन विकायला कोठे ठेवले? आरंभी फक्त इंटरनेटवरच्या दुकानांत. एक ॲमेझॉनवर, एक स्नॅपडीलवर, एक फ्लिपकार्टवर! ज्याला पोहता येत नाही त्याच्यासाठी होडी बांधावी आणि ती पैलतीराला नेऊन ठेवावी, तसा हा प्रकार. पेठेतल्या दुकानदाराला या व्यवहारात जागाच नव्हती, आणि खेड्यातला माणूस फोन घेतो तो त्या दुकानदाराच्या शब्दावर. योजना लवकरच निस्तेज झाली.

त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये इंटेक्स कंपनीने १,९९९ रुपयांचा फोन आणला होता. त्याच्या आत मोझिला या संस्थेची फायरफॉक्स प्रणाली होती. मोझिला ही नफ्यासाठी चालणारी संस्था नव्हे, म्हणून या प्रयत्नाबद्दल मला आजही थोडा आदर वाटतो. परंतु आदराने फोन चालत नाही. १२८ मेगाबाइट स्मृती आणि थ्रीजीचा पत्ता नाही, अशा यंत्रावर इंटरनेट पाहणे म्हणजे कुडाच्या फटीतून तमाशा पाहणे. २०१५ च्या डिसेंबरात मोझिलाने असे फोन विकण्याचा नाद सोडल्याचे जाहीर केले. पुढल्याच फेब्रुवारीत नोएडाच्या एका कंपनीने 'फ्रीडम २५१' या नावाने २५१ रुपयांत फोन देण्याची दवंडी पिटली. तिच्याबद्दल अधिक लिहिण्यात शाई खर्च करण्याचे कारण नाही.

मग २०१७ च्या जुलैत जिओफोन आला. तो 'मोफत' होता; फक्त १,५०० रुपये अनामत ठेवायची होती. अनामत परत मिळणार होती तीन वर्षांनी, फोन परत केल्यावर. आणि नंतर उलगडलेल्या अटींप्रमाणे, वर्षाला निदान १,५०० रुपयांचे रिचार्ज केले असेल तर. त्यात सिम चालणार ते त्याच कंपनीचे. मोफत या शब्दाला मराठीत एवढ्या शेपट्या असतात हे मला पूर्वी ठाऊक नव्हते. तरीही तो फोन घरोघर गेला आणि उपयोगीही पडला, हे नाकारण्यात अर्थ नाही. त्याच्या आतली कायओएस ही प्रणाली म्हणजे मोझिलाने टाकून दिलेल्या फायरफॉक्सचीच वंशज. तीवर व्हॉट्सॲप आले २०१८ च्या सप्टेंबरात. २०२४ च्या जूनमध्ये ते नव्याने घेता येईनासे झाले आणि २०२५ च्या आरंभी पुरते बंद पडले. फोन फुटला नव्हता, विहिरीत पडला नव्हता, बटणेही शाबूत होती. कोठेतरी दूर कोणीतरी ठरवले की, आता या गरिबांच्या यंत्राकडे लक्ष देणे परवडत नाही. नांगर मोडला तर सुतार आहे, लोहार आहे. धडधाकट नांगर एका सकाळी जमिनीत शिरायचे नाकारतो, ही जात नवीन आहे.

२०२१ च्या लक्ष्मीपूजनाला, ४ नोव्हेंबरला, गूगल आणि जिओ यांनी मिळून 'जिओफोन नेक्स्ट' बाजारात आणला. मुहूर्त गणेश चतुर्थीचा धरला होता, तो चुकला. अतिस्वस्त म्हणून ज्याची वाट पाहायला लावली त्याची किंमत निघाली ६,४९९ रुपये. किंवा १,९९९ रुपये आधी, ५०१ रुपये कागदपत्रांचे, आणि पुढे दीडदोन वर्षे हप्ते. खेड्यातल्या माणसाने हिशोब केला आणि तेवढ्याच पैशांत दुसरा, किंवा त्याहून कमी पैशांत जुना, फोन घेतला. मोठमोठ्या कंपन्यांच्या अभ्यासकांपेक्षा कन्नडच्या आठवडी बाजारातली बाई व्यवहाराला पक्की असते, एवढेच यातून सिद्ध झाले.

या साऱ्या कहाणीत मला बोचते ते अपयश नव्हे. धंद्यात अपयश येतेच. बोचते ते हे की, दर खेपेला प्रयोग झाला तो गिऱ्हाइकाच्या पैशावर. योजना फसली की कंपनीने ती एका ओळीने वहीतून खोडली. ज्याने मजुरीतले दोन हजार त्यात घातले त्याच्या वहीत ती ओळ खोडता येत नाही.

आता कोणी विचारील की, एवढे यंत्र इतक्या कमी किमतीत मिळते, ही कंपन्यांची कृपाच नव्हे काय? नव्हे. फोन स्वस्त असतो कारण त्याची किंमत दोनदा घेतात. एकदा दुकानात, रुपयांत; आणि नंतर रोज थोडी थोडी, जाहिरातींत, माहितीत, आणि न मागितलेल्या गोष्टी खपवून घेण्यात. अँड्रॉइड फोन बनवणाऱ्याला प्रणाली फुकट मिळते असे आपण ऐकतो. भारतीय स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ च्या आदेशात या फुकटाचा अर्थ उलगडून सांगितला आहे: दुकान हवे तर गूगलची ॲप्स सगळीच्या सगळी घाला, आणि गिऱ्हाइकाला ती काढता येणार नाहीत. ही सक्ती अन्यायाची ठरवून आयोगाने १,३३७.७६ कोटी रुपये दंड केला. अपिलात, २०२३ च्या मार्चमध्ये, काही निर्देश रद्द झाले, पण दंड कायम राहिला. महागड्या फोनमध्ये या सक्तीच्या सामानाची अडचण जाणवत नाही, कारण तिथे खोल्या पुष्कळ असतात. स्वस्त फोन हे दोन खोल्यांचे घर. त्यातली एक खोली घरमालकाच्या पेट्यांनी आधीच भरलेली. उरलेलीत संसार मांडायचा, आणि महिन्याभरात 'जागा शिल्लक नाही' ही पाटी वाचायची. मग लेकीच्या लग्नाचे फोटो पुसायचे. गूगलचे ॲप पुसता येत नाही, लग्न पुसता येते.

आणि रिचार्ज! दुष्काळात तेरावा महिना ही आपली जुनी म्हण. अधिक मास तीन वर्षांतून एकदा येतो, आणि तो दुष्काळातच आला तर माणूस रडतो. फोनच्या कंपन्यांनी २८ दिवसांचा महिना काढून दर वर्षाला तेरावा महिना जोडून दिला. दुष्काळ असो वा सुकाळ. पंचांगकर्त्यांना जे जमले नाही ते यांनी केले. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०२२ च्या जानेवारीत निदान एक तरी योजना तीस दिवसांची ठेवा असे फर्मावले तेव्हा तीस दिवसांचा महिना पुन्हा दृष्टीस पडला, पण चलन २८ चेच राहिले. २०२४ च्या जुलैत सगळ्यांनी एकदम भाव वाढवले. जिओचे १५५ रुपयांचे २८ दिवसांचे रिचार्ज १८९ वर गेले. १८९ ला १३ ने गुणा: २,४५७ रुपये. हे सर्वांत हलक्या रिचार्जचे, एका फोनचे, एका वर्षाचे. घरात तीन फोन असतील तर ७,३७१, म्हणजे दर साल एका नव्या 'स्वस्त' फोनची किंमत. फोन स्वस्त करणारे हे गणित कधी मांडत नाहीत. सावकारही मुद्दल थोडे दिले असे अभिमानाने सांगत असे.

इथवर मी कंपन्यांविषयी बोललो. त्या धंदा करतात. त्यांच्याकडून धर्म अपेक्षिणे हा भाबडेपणा होईल. घ्यायचे नसेल तर घेऊ नका, असे त्या म्हणू शकतात, आणि २०१४ साली ते खरेही होते. आज ते खरे नाही. कारण मधल्या काळात सरकार या बाजारात उतरले आणि त्याने 'घेऊ नका' हा पर्यायच काढून टाकला. माझा खरा मुद्दा इथे सुरू होतो.

सातबाऱ्यावर पिकाची नोंद पूर्वी तलाठी करीत असे. तो चुकत असे, पुष्कळदा शेत न पाहता चावडीत बसून पीक लिहीत असे, हे मान्य. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात ई-पीक पाहणी आली. शेतकऱ्याने स्वतः आपल्या शेतात जायचे, फोनला आपण कोठे आहो ते कळू द्यायचे, पिकाचा फोटो काढायचा आणि नोंद पाठवायची. कल्पना म्हणून ती मला आवडली होती आणि आजही आवडते: आपल्या शेतात काय उभे आहे हे सांगण्याचा अधिकार ज्याचे शेत त्याच्याकडे आला. परंतु अधिकार आणि सक्ती यांच्यात एका फोनचे अंतर असते. ज्याच्याजवळ फोन आहे त्याला अधिकार मिळाला. ज्याच्याजवळ नाही, किंवा आहे पण त्यावर ते ॲप चालत नाही, त्याच्या डोक्यावर मुदत येऊन बसली. शेत गौताळ्याच्या डोंगरकुशीत, तिथे रेंज नाही. गावात रेंज आहे, तिथे शेत नाही. २०२५ च्या खरिपात नोंदणीची मुदत आणि मराठवाड्यातली अतिवृष्टी एकाच सप्टेंबरात आली. मुदत वाढवावी लागली. पीक पाण्याखाली आणि शेतकरी फोन उंच धरून बांधावर उभा, हे चित्र कोणत्या प्रगतीचे आहे?

त्याच हंगामात कापसाचे पाहा. भारतीय कापूस महामंडळाने २०२५-२६ साठी हमीभावाने कापूस विकायचा तर 'कपास किसान' नावाच्या ॲपवर आधी नोंदणी सक्तीची केली. लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल, आणि खुला बाजार त्याच्या खाली. त्यातच केंद्र सरकारने ऑगस्टात परदेशी कापसावरचे आयातशुल्क उठवलेले. म्हणजे नोंदणी झाली तर ८,११०, न झाली तर व्यापारी देईल तो भाव. या दोहोंतला फरक हीच ती न दिसणारी तिसरी किंमत. फोनची खरी किंमत ज्याला फोन नाही त्याने भरायची! नोंदणीच्या मुदती पुन्हा पुन्हा वाढवाव्या लागल्या, यातच सगळे आले. शेतकरी ओळख क्रमांकाचीही तीच तऱ्हा. १५ एप्रिल २०२५ पासून तो कृषी योजनांना आवश्यक झाला, आणि त्याची वाट पुन्हा मोबाइलवर येणाऱ्या आकड्यांतून जाते.

स्वस्त फोन आणि सक्ती यांची गाठ पडली म्हणजे काय होते, हे महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी २०२१ च्या ऑगस्टमध्ये साऱ्या देशाला दाखवून दिले. सरकारने त्यांना २०१९ च्या सुमारास फोन दिले होते, दोन गिगाबाइट स्मृतीचे. त्यावर पोषण ट्रॅकर हे ॲप चालवायचे. बालकांची वजने, उंच्या, आहार, सारे त्यात भरायचे. फोन तापत, अडकत, बंद पडत. दुरुस्तीचा खर्च सेविकेच्या माथी. ॲपची भाषा तिची नव्हे. शेवटी त्या जथ्याजथ्याने निघाल्या आणि प्रकल्प कार्यालयांत जाऊन त्यांनी ते फोन परत केले. फोन मिळावा म्हणून नव्हे, फोन घ्या म्हणून मोर्चा! माझ्या मते अलीकडच्या काळात यंत्रासंबंधी महाराष्ट्रात झालेले सर्वांत शहाणपणाचे वक्तव्य हेच होय, आणि ते करणाऱ्या बायकांना कोणी तंत्रज्ञ म्हणून परिषदेला बोलावले नाही.

यावर एक उत्तर नेहमी मिळते. "अहो, गावात कोणीतरी पोरगा असतोच की! तो देतो भरून." असतो, आणि बिचारा भरूनही देतो. पण हे वाक्य आपण पूर्वी ऐकले आहे. कर्जरोखा वाचता न येणाऱ्या कुणब्यालाही हेच सांगत: वाचून दाखवणारा कोणीतरी असतोच. १८७५ च्या मे महिन्यात सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांचे कागद जाळले ते कागदाचा राग म्हणून नव्हे. जो कागद आपल्याला वाचता येत नाही तोच आपली जमीन खातो आहे, हे त्यांना कळले होते. इंग्रज सरकार काही फार दयाळू नव्हते, पण त्यानेसुद्धा १८७९ च्या कायद्यात शेतकऱ्याचे दस्त गावच्या निबंधकासमोर करण्याची तजवीज केली. आज आपण अंगठेबहाद्दर ही जात नाहीशी केली म्हणतो आणि सही येणाऱ्या माणसाला पुन्हा दुसऱ्याच्या अंगठ्यावर, काचेवर फिरणाऱ्या अंगठ्यावर, अवलंबून ठेवतो. त्या पोराच्या हाती आपला आधार क्रमांक, बँकेचा आकडा आणि फोनवर आलेले सहा आकडे देताना म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर जो भाव असतो तो विश्वासाचा नसतो. नाइलाजाचा असतो.

भाषेचा मुद्दा मी मुद्दाम मागे ठेवला होता, कारण तो निघाला की आपल्याकडे लगेच अस्मितेचे ढोल वाजू लागतात. मला व्यवहाराचे बोलायचे आहे. आमच्या गावाच्या नावाचीच गंमत पाहा. फोनमध्ये 'कन्नड बातम्या' असे लिहिले की यंत्र आम्हांला उचलून बंगलोरला नेते. तिकडच्या भाषेतल्या बातम्या आमच्यापुढे वाढते. शिवना नदीकाठच्या या तालुक्याला यंत्राच्या दृष्टीने अस्तित्व नाही. आहे ती एक भाषा. हसून सोडण्यासारखी गोष्ट, पण तीत सगळा प्रकार आला. यंत्राला कोट्यवधींची भाषा कळते, एका तालुक्याचा पत्ता कळत नाही. भारतीय मानक ब्यूरोने २०१६ साली फोनमध्ये बावीस भारतीय भाषा वाचता आल्या पाहिजेत असे मानक केले, हे योग्यच झाले. अक्षरे आता दिसतात. पण 'आय ॲग्री' हे बटण दाबण्यापूर्वीची ती चाळीस पाने?

औट्रम घाट उतरला की पाटणादेवीच्या परिसरात, पाटण येथे, शके ११२८ चा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला, त्याचा तो लेख. त्यात भास्कराचार्यांची आणि राजकुळाची स्तुती संस्कृतात आहे; आणि मठाला गावाने काय काय द्यायचे, त्याचा तपशील शेवटी मराठीत आहे. लेख कोरणाऱ्यांना नेमके कळले होते: स्तुती कोणत्याही भाषेत चालेल, परंतु ज्याच्याकडून घ्यायचे त्याला ते त्याच्या भाषेत सांगितले पाहिजे. आठशे वर्षांनी आपले फोन काय करतात? जाहिरात गोड मराठीत करतात आणि घेण्यादेण्याच्या अटी इंग्रजीत लिहितात.

एखादी नवी वस्तू लोकांत रुजवायची कशी, हे आपल्याकडे नव्याने शिकण्याची गरज नव्हती. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मराठी पंचांग छापले तेव्हा छापील कागदाला हात लावायलाच लोक कचरत. शाईत चरबी असते म्हणत. गणपत कृष्णाजींनी त्यावर व्याख्यान दिले नाही, लोकांना मागासलेले म्हटले नाही. त्यांनी चरबीऐवजी तूप घालून शाई केली, असे सांगतात. लोकांनी पंचांग घेतले. गिऱ्हाइकाची शंका बरोबर होती की नाही हा वाद बाजूला राहू द्या. यंत्राने माणसाकडे यावे की माणसाने यंत्राकडे, याचे उत्तर त्या तुपात आहे. आज सगळे उलटे चालले आहे. माणूस यंत्राला योग्य नसला तर माणसाला प्रशिक्षण. यंत्र माणसाला योग्य नसले तरीही माणसालाच प्रशिक्षण.

"हळूहळू सगळे सुधारेल, भाव आणखी उतरतील," असे म्हणणारे आशावादी मित्र मला आहेत. भाव उतरत नाहीत, हे त्यांनी दुकानात जाऊन पाहावे. पाचसहा हजारांचा बरा फोन दिवसेंदिवस दुर्मिळ होतो आहे, कारण कंपन्यांना अधिक नफा वरच्या फोनमध्ये आहे. आणि सरकार? फोनवरचा वस्तू व सेवा कर १ एप्रिल २०२० पासून १२ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. २०२५ च्या सप्टेंबरात करांची मोठी फेररचना झाली, ट्रॅक्टर ५ टक्क्यांवर आला, त्याचे स्वागत असो. फोन मात्र १८ वरच राहिला. म्हणजे आठ हजारांच्या फोनमध्ये १,२२० रुपये सरकारचे. जी वस्तू नसेल तर पिकाची नोंद नाही, कापसाची नोंदणी नाही, तिच्यावर पेढीतल्या वस्तूसारखा कर घ्यायचा आणि वर तिला जनतेचा हक्क म्हणायचे, हा कोणता न्याय? एक तर सक्ती उठवा, नाही तर कर उठवा.

माझे म्हणणे अवाजवी आहे असे मला वाटत नाही. फोनच्या खोक्यावर तो किती वर्षे चालवला जाईल, त्याची प्रणाली कधीपर्यंत नवी केली जाईल, हे ठळक मराठीत छापावे. औषधाच्या बाटलीवर मुदत छापतात, ती गिऱ्हाइकावर उपकार म्हणून नव्हे. युरोपात २० जून २०२५ पासून हे सक्तीचे झाले आहे. विक्री थांबल्यानंतर पाच वर्षे प्रणाली अद्ययावत ठेवायची आणि सात वर्षे सुटे भाग पुरवायचे. तिथल्या श्रीमंत गिऱ्हाइकाला जे मिळते ते इथल्या मजुराला का मिळू नये? त्याला तर त्याची अधिक गरज आहे. आपल्या केंद्र सरकारनेही दुरुस्तीयोग्यतेसाठी समिती नेमली, तिचा अहवाल २०२५ साली आला. अहवालाला मात्र अजून खोक्यावर जागा मिळायची आहे.

आणि फोनवाचून जाण्याची एक वाट प्रत्येक योजनेला असली पाहिजे. मदत केंद्र म्हणून खाजगी दुकानात पन्नास रुपये मोजून जाण्याची वाट नव्हे. सरकारची, हक्काची, बिनपैशाची. तलाठ्याचे नाव आता ग्राम महसूल अधिकारी असे मोठे झाले आहे. त्या नावाला साजेसे काम हेच की, जो म्हातारा येऊन "माझ्या अडीच एकरात मका आहे" असे तोंडाने सांगेल त्याची नोंद लिहून घ्यायची, शेत पाहायचे आणि सहीशिक्क्याची पावती त्याच्या हातात द्यायची. एक टेबल, एक वही आणि एक माणूस. यातले काहीही परदेशातून मागवावे लागत नाही, आणि पुढल्या खरिपाची पेरणी जूनमध्ये आहे.